लाल जर्सीची अठ्ठेचाळीस वर्षे

मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ मध्ये उभा राहिला. २००० मध्ये त्याचे नाव ‘महिंद्रा युनायटेड’ झाले. २००५-०६ च्या मोसमात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. देशाचे लीग विजेतेपद महाराष्ट्रात प्रथम आणणारा हा संघ विजेतेपदानंतर चार वर्षांत नाहीसा झाला. एखादा संघ हरत गेला, कर्जात बुडाला आणि मिटला, तर त्यात आश्चर्य नसते. हा संघ मात्र जिंकत असताना मिटला. असे का झाले, हे समजण्यासाठी तो कोणत्या जातीचा संघ होता, तेथून सुरुवात करावी लागते.

खेळाडूंचे हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग सर्वांना ठाऊक असतात. हौशी खेळाडू पदरचे पैसे घालून खेळतो, व्यावसायिक खेळावरच पोट भरतो. या दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग आहे. त्याला खेळामुळे काही मिळते, पण घर चालते ते दुसऱ्या आधारावर. अशा खेळाडूंच्या संघाला अर्धव्यावसायिक म्हणतात, आणि असे संघ जगभर आहेत. कॅनडात हे संघ बहुधा स्थलांतरितांच्या समाजांनी उभे केले. टोरोंटोतल्या क्रोएशियन कुटुंबांनी १९५६ मध्ये ‘टोरोंटो क्रोएशिया’ हा संघ काढला. हाच संघ पुढे शहरातल्या दुसऱ्या एका संघाशी जोडला गेला आणि १९७६ मध्ये युसेबियोसारख्या जगद्विख्यात पोर्तुगीज खेळाडूला घेऊन उत्तर अमेरिकेची मोठी लीग जिंकून बसला. त्या संघाच्या पाठीशी एका भाषेचा, एका चर्चभोवतीचा समाज होता. भारतातल्या अर्धव्यावसायिक संघाच्या पाठीशी होती नोकरी. मुंबईत अशा संघाला साधेपणाने ‘ऑफिसची टीम’ म्हणत.

मुंबईतला फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. वूस्टरशायर रेजिमेंट ही तिची पहिली विजेती. पुढची साडेचार दशके तो चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच भारतीय नागरी संघाचे नाव चषकावर कोरले गेले. शहराची स्थानिक लीग, म्हणजे हारवुड लीग, १९०२ पासूनची. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. कूपरेजचे मैदान या सगळ्याचे केंद्र. एके काळी तेथे लाकडी पिंपे बनवणाऱ्यांचा कारखाना होता, त्यावरून मैदानाला हे नाव पडले.

पलटणींकडून हा खेळ शहराने उचलला तो दोन वाटांनी. एक वाट गोव्याच्या माणसांची. बोटीवर आणि हॉटेलांत कामाला आलेले गोवेकर धोबी तलावाच्या परिसरात गावागावांच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे सामायिक वसतिघरांत, राहत आणि संध्याकाळी फुटबॉल खेळत. मुंबईच्या संघांच्या याद्यांत डिसोझा, परेरा, डायस ही आडनावे पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, ती याच वाटेने आलेली. दुसरी वाट कारखान्यांची आणि कचेऱ्यांची. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे, बँका, पुढे एअर इंडिया, अशा आस्थापनांनी आपापले संघ बांधले. कॅल्टेक्स ही तेल विकणारी कंपनी, पण १९५८ चा रोव्हर्स कप तिच्या संघाने जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या याच कंपनी-फुटबॉलमधला खेळाडू. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

कंपनीच्या संघाची रीत सोपी होती. मैदानावर चांगला खेळ करणारा पोरगा दिसला की त्याला नोकरी द्यायची. सकाळी सराव, मग कचेरीत हजेरी, सामन्याच्या दिवशी सुट्टी आणि स्पर्धेसाठी बाहेरगावी गेला तर तो काळ ड्यूटीत धरायचा. पगार दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. गुडघा गेला, वय झाले, संघातले नाव निघाले, तरी हजेरीपटावरचे नाव राही. निवृत्त होताना हातात भविष्यनिर्वाह निधी पडे. ज्या देशात फुटबॉलपटूला तिकिटाच्या पैशांतून पगार देणे अशक्यच होते, तेथे गरीब घरातल्या मुलाला वयाच्या पस्तिशीपर्यंत खेळू देणारी दुसरी व्यवस्था नव्हती. या व्यवस्थेकडे पुढे पुष्कळांनी मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले. तो अन्याय आहे.

तिची कमाई पाहिली की हे पटते. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला हैदराबाद सिटी पोलीस संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. तो पोलीस खात्याच्या नोकरदारांचा संघ होता. पी. के. बॅनर्जी रेल्वेत नोकरीला होते आणि कोलकात्याचे बडे क्लब सोडून ते ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळले. त्या संघाने १९५८ मध्ये मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिन्ही मातब्बरांना मागे टाकून कोलकाता लीग जिंकली. हेच बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले, त्या अंतिम सामन्यातला एक गोल बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा पाया महिन्याच्या पगारावर होता.

खानदेशाला ही रीत परकी नाही. तिथले बोदवड हे भुसावळ–नागपूर मार्गावरचे स्टेशन, आणि भुसावळ ही तर रेल्वेनेच वाढवलेली नगरी. जी.आय.पी. रेल्वेच्या काळापासून तेथे इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत होती. जिथे रेल्वेची वसाहत, तिथे इन्स्टिट्यूट आणि तिथेच मैदान, हा त्या काळचा शिरस्ता. रेल्वेने आपल्या खेळाडूंसाठी १९२८ मध्ये स्वतंत्र मंडळ नेमले. फुटबॉलच्या संतोष ट्रॉफीत रेल्वेचा संघ राज्यांच्या संघांशी लढतो आणि त्याने ती ट्रॉफी तीन वेळा जिंकली आहे. क्रीडा कोट्यातून रेल्वेत लागलेला मुलगा ही खानदेशातल्या तालुक्यांत अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट आहे. कबड्डीचा, कुस्तीचा वा खो-खोचा खेळाडू ज्या आशेने मैदानावर घाम गाळतो, त्याच आशेने मुंबईचा फुटबॉलपटू कूपरेजवर घाम गाळत असे.

महिंद्रा हे नावही या मुलखात घरोघरचे. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघालेली ही कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीज जीपची जुळणी हा तिचा पहिला मोठा उद्योग. एस.टी. पोचत नसलेल्या खेड्यांतून बाजाराच्या दिवशी माणसे भरून आणणाऱ्या जीपगाड्या बोदवडच्या परिसराने वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत, आणि कापसाच्या शेतात चालणारे लाल ट्रॅक्टरही. फुटबॉल संघाला या गाडीवरूनच टोपणनाव मिळाले. लाल जर्सीतल्या खेळाडूंना ‘जीपमेन’ म्हणत.

१९६२ नंतरची पहिली तीन दशके हा संघ मुंबईतल्या अनेक कंपनी-संघांपैकी एक होता. हारवुड लीग, नाडकर्णी कप, रोव्हर्स हे त्याचे वर्षाचे वेळापत्रक. सामना बहुधा शेजारच्या कचेरीशी, प्रेक्षकांत दोन्हीकडचे सहकारी. या काळात शहराचा पायाच हलत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर मुंबईचा कापड उद्योग पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. ज्या शहरात गिरण्या मिटतात, तेथे गिरण्यांचे संघ टिकत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या आणि जिनिंगवर चालणाऱ्या बोदवडला या संपाची झळ बाजारभावातून कळली, मुंबईच्या फुटबॉलला ती संघांच्या यादीतून कळली. पुढे नव्या नोकरभरतीलाच कात्री लागली, तेव्हा खेळाडूंसाठी राखलेल्या जागा आधी गेल्या.

महिंद्राचा संघ मात्र टिकला, आणि १९९६ नंतर तर वाढला. त्या वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. तोवर भारतात स्पर्धा होत्या, पण देशभरच्या संघांना मोसमभर एकमेकांच्या गावी जाऊन खेळायला लावणारी लीग नव्हती. पहिली लीग फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने जिंकली, तोही एका कापड गिरणीचाच संघ. लीगमुळे खर्चाचे गणित बदलले. विमानाचा प्रवास, हॉटेल, परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक. सकाळी सराव करून अकराला टेबलाशी बसणाऱ्या खेळाडूचे हे काम उरले नाही. हातात करार घेऊन येणारा आणि मोसम संपताच दुसरीकडे जाणारा खेळाडू आता लागत होता. ऑफिसच्या टीमसमोर दोनच रस्ते होते: स्थानिक लीगमध्ये राहायचे, किंवा खऱ्या अर्थाने व्यावसायिक व्हायचे.

महिंद्राने दुसरा रस्ता धरला. १९९८ मध्ये संघाने ड्युरँड कप जिंकला. १८८८ पासूनची ही स्पर्धा देशातली सर्वांत जुनी. १९९९-२००० मध्ये महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली. त्याआधी हा मान १९६३-६४ मध्ये आणि त्याहीपूर्वी मुंबई प्रांत म्हणून १९५४-५५ मध्ये मिळाला होता. मुंबईच्या फुटबॉलमध्ये अजून धुगधुगी होती, हे या विजयाने दाखवले. २००० मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’चे ‘महिंद्रा युनायटेड’ झाले. नावातला हा बदल साधा नव्हता. कंपनीच्या क्रीडा विभागाचा संघ आता क्लब म्हणून ओळखला जाऊ इच्छित होता. २००१ मध्ये ड्युरँड पुन्हा मुंबईला आला. इंग्लंडचे डेव्हिड बूथ प्रशिक्षक असताना २००३ चा फेडरेशन कप मिळाला.

यानंतरचा काळ या इतिहासातला सर्वांत भरघोस. कोलकात्यात मोहन बागानचा देव मानला गेलेला ब्राझीलचा होजे रामिरेझ बारेटो मुंबईत आला. घानाचा युसिफ याकुबू आला. त्यांच्या जोडीला मुंबईचा स्टीव्हन डायस होता, उजव्या बाजूने धावत जाऊन गोलसमोर नेमका चेंडू टाकणारा. मधल्या फळीत खालिद जमील होता. त्याची सुरुवात १९९७ मध्ये याच संघात झाली, मधल्या काळात तो एअर इंडियाकडे गेला आणि पुन्हा परतला. प्रशिक्षकपदी गोव्याचे डेरिक परेरा. परदेशी पाहुणे, गोव्याचे डावपेच आणि मुंबईच्या मैदानावरची मुले यांची अशी मोट फारच थोड्यांना बांधता आली आहे.

२००५ चा फेडरेशन कप या संघाने जिंकला. त्याच मोसमात, २००५-०६ मध्ये, राष्ट्रीय लीगही जिंकली आणि ईस्ट बंगाल दुसरा राहिला. या विजयाचे वजन आधीच्या नऊ विजेत्यांची यादी पाहिली की कळते. पहिले वर्ष जेसीटीचे. त्यानंतर मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, गोव्याचे साळगावकर आणि धेंपो एकेकदा. म्हणजे आठ वर्षे चषक कोलकाता आणि गोवा यांच्याच मधे फिरला. कोलकात्यात लाखाचा जमाव सामन्याला येई, गोव्यात गावागावांत चर्चशेजारी मैदान. मुंबईत यातले काही नव्हते. कूपरेजच्या लहान स्टेडियममध्ये काही हजार माणसे, तीही बरीचशी जुनी जाणकार. त्या शहरातून दहावा विजेता निघाला.

पुढे २००६ आणि २००८ मध्ये आय.एफ.ए. शिल्ड, २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड. २००७ च्या ए.एफ.सी. कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि लेबनॉनच्या अल नेजमेहसमोर थांबला. त्याच वर्षी राष्ट्रीय लीगचे ‘आय-लीग’ झाले. महिंद्रा युनायटेड तिच्या पहिल्या तिन्ही मोसमांत खेळला.

२०१० च्या आरंभी कंपनीने जाहीर केले की चालू मोसम संपला की संघ बंद होईल आणि कंपनी यापुढे मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देईल. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या साहाय्याने शालेय वयाच्या मुलांसाठी ‘महिंद्रा यूथ फुटबॉल चॅलेंज’ सुरू झाले. शाळकरी मुलांसाठी स्पर्धा भरवणे चांगलेच, यात वाद नाही. पण ज्या मुलांना खेळायला शिकवायचे, त्यांनी मोठेपणी कोणत्या संघात खेळायचे, याचे उत्तर त्याच दिवशी मुंबईतून एकाने कमी झाले.

या निर्णयाला कायद्याने वा रिवाजाने कोणी अडवू शकले नाही, कारण अडवणारा कोणी नव्हताच. मोहन बागान १८८९ चा क्लब. त्याला सभासद आहेत, निवडणुका आहेत, भांडणे आहेत. पदाधिकारी चुकले तर सभासद दाराशी येतात. महिंद्रा युनायटेडला सभासद नव्हते, मैदान भाड्याचे होते आणि मालक एकच होता. १९६२ मध्ये तो संघ कंपनीच्या औदार्याने जन्मला, आणि ४८ वर्षांत त्या औदार्याखेरीज दुसरा आधार त्याच्याखाली उभा राहिला नाही. नाव ‘युनायटेड’ झाले तरी घडण ऑफिसच्या टीमचीच राहिली. उलट त्या जुन्या घडणीतला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे खेळ संपल्यावरही राहणारी नोकरी, कराराच्या पद्धतीत गळून पडला होता. जुन्या व्यवस्थेत संघ मोडला तर खेळाडू टेबलाशी परत जाई. नव्या व्यवस्थेत त्याला दुसरा क्लब शोधावा लागला.

महिंद्रानंतर इतरांची वेळ आली. पहिल्या लीगचा विजेता जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. या मुंबईतल्या दोन सरकारी आस्थापनांच्या संघांना आय-लीगमधून वगळण्यात आले. आशियाई महासंघाच्या परवाना नियमांत ते बसत नव्हते. हे नियम पाच बाबींचे असतात: मुलांचे संघ व खेळाची व्यवस्था, मैदान, प्रशिक्षक व कर्मचारी, कायदेशीर स्वरूप आणि आर्थिक हिशेब. क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असावी, तिचे हिशेब वेगळे असावेत, ही अट सरकारी खात्याच्या क्रीडा विभागाला पेलणारी नव्हती. नियम चांगले होते. पण ते लागू करताना आस्थापनांच्या संघांना क्लब होण्यासाठी वेळ आणि मदत देण्याची कोणी तसदी घेतली नाही, आणि शंभर वर्षांची घडी एका फटक्यात मोडली.

नव्या पद्धतीचे क्लबही टिकले नाहीत. २००७ मध्ये निघालेला पुणे एफ.सी. आणि त्याच वर्षी निघालेला मुंबई एफ.सी., दोघेही दहा वर्षांच्या आत-बाहेर संपले. मुंबईच्या संघांना तर मधली काही वर्षे घरचे मैदानच नव्हते. कूपरेजचे काम चालू असल्याने त्यांचे ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला होत. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर मुंबई सिटी एफ.सी. आला. त्याने २०२०-२१ मध्ये साखळीतील अव्वल स्थान आणि अंतिम सामना दोन्ही जिंकून मुंबईला पुन्हा देशात पहिले केले. महिंद्राच्या विजयाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

महाराष्ट्रात एक तिसरे उदाहरण आहे आणि ते कोल्हापूरचे. तेथे फुटबॉल कंपनीचा नाही, पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावे कुस्तीच्या तालमींवरून आणि मंडळांवरून आलेली. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर, आणि गर्दी मुंबईने हेवा करावा अशी. बाहेरचे, कधी आफ्रिकेतले, खेळाडू मानधनावर आणायचे आणि बाकीचे गल्लीतले, म्हणजे हाही अर्धव्यावसायिकच प्रकार. वर्गणी गोळा करणारी तालीम गरीब असते, तिच्यातून राष्ट्रीय लीगचा विजेता अजून निघालेला नाही. पण पेठ बंद करण्याचा निर्णय कोणत्याही संचालक मंडळाला घेता येत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याचे पुढचे शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले, म्हणजे पेठेने लावलेल्या आवडीला शासनाच्या संस्थेने आकार दिला.

महिंद्राच्या लाल जर्सीतल्या माणसांनी मैदान सोडले नाही. डेरिक परेरा पुणे एफ.सी.चे प्रशिक्षक झाले. स्टीव्हन डायस २०११ च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला. खालिद जमील २००७ मध्ये मुंबई एफ.सी.त गेला, खेळणे थांबल्यावर त्याच संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफ.सी. या छोट्या संघाला त्याने आय-लीग जिंकून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. तो ज्या तीन मुंबईच्या संघांतून खेळला, त्यांतले महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफ.सी. तोवर बंद झाले होते, आणि एअर इंडियाला राष्ट्रीय लीगबाहेर जाऊन बारा वर्षे झाली होती.